चार अक्षरांपाशी

घड्याळवाल्या काकांची नजर काचबिंदूनं गेली, तेव्हा मी अठरा वर्षांची होते. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. दुकान बंद झालं होतं, तरी त्यांच्या खोलीतल्या टेबलावर चिमटे, बारीक स्क्रूड्रायव्हर, डोळ्याला लावायचं भिंग सगळं ओळीनं मांडलेलं असे. कुणी जुनं गिऱ्हाईक आलंच, तर घड्याळ कानाशी धरून सांगायचे, "तेल सुकलंय, बाकी धडधाकट आहे. माझ्यासारखं नाही."

त्यांना खरी चुटपुट होती ती स्तोत्रांच्या पुस्तकाची. काका ज्यू होते; पुस्तकात हिब्रूतली दीडशे स्तोत्रं. त्यांचे वडील ती दर महिन्याला वाचून पुरी करायचे, पुढे काकाही करायचे. काही पाठ होती, सगळी नव्हती. मुलगी परगावी. "मरायच्या आत एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचंय," असं ते आईजवळ म्हणाले आणि आईनं मला पुढं केलं.

माझ्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढून त्यांनी मला ती लिपी शिकवली. गुदगुल्या व्हायच्या, मी हात ओढून घ्यायची. "हसू नकोस, अक्षर सांडेल," म्हणायचे. सहा महिन्यांनी मी अडखळत का होईना, वाचायला लागले. अर्थ ते सांगायचे. मग माझं नावच पडलं, चष्मा. जिन्यात पाऊल वाजलं की आतून आवाज यायचा, "आला का माझा चष्मा?"

वाचन सुरू करण्याआधी ते भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक बोटानं थांबवायचे, टिकटिक मधे नको म्हणून. वाचून झालं की विचारायचे, "चष्म्या, किती वाजले?" मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात बघून सांगितलं, की काटे चाचपून लावायचे आणि लंबक पुन्हा हलवायचे.

नियम एकच होता. देवाच्या नावाची चार अक्षरं लिहिलेली दिसली, की ती तशी वाचायची नाहीत. तिथं 'हाशेम' म्हणायचं. हाशेम म्हणजे 'ते नाव'.

"का पण?"

"तू आईला नावानं हाक मारतेस?"

"नाही."

"नाव माहीत नाही म्हणून?"

मला हसू आलं. मुद्दा पटलाही.

पण घरी दादा होता. तो कॉलेजात शिकायचा आणि जगातलं सगळं त्याला कळायचं. ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात त्याला त्या नावाचा उच्चार सापडला, म्हणजे विद्वानांनी केलेला अंदाज. "एवढं शिकलीस आणि मुख्य शब्दच गिळतेस! म्हणून दाखव की. जीभ झडते का बघू."

एका दुपारी तो वाचन ऐकायला म्हणून माझ्याबरोबर आला. काकांनी कौतुकानं त्याला स्टूल दिलं, लंबक थांबवला. मी वाचू लागले. दुसऱ्याच ओळीत ती चार अक्षरं आली. दादानं भुवया उडवल्या. आणि मी तो उच्चार केला, मोठ्यानं, खणखणीत. तो मी इथं लिहीत नाही.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, भिंत चाचपत घड्याळापाशी गेले. "किती वाजले, बाळ?"

"तीन वाजून पाच मिनिटं."

तीनलाच बसलो होतो आम्ही. त्यांनी लंबक हलवला. चष्मा म्हणाले नाहीत, हे मला जिन्यात लक्षात आलं. दादा मागून म्हणत होता, "काय झालं एवढं?" मी पायऱ्या चढत राहिले. माफी मागायला मागे वळलेही नाही.

दुसऱ्या दिवशी गेले, तर ते वाट बघत बसलेले. "तिथं आलीस की थांबायचं. मी म्हणेन." एवढंच बोलले. पुढं दीड वर्ष आमचं वाचन तसंच चाललं. मी थांबायची, ते हलकेच 'अदोनाय' म्हणायचे, म्हणजे 'माझे प्रभू', प्रार्थनेत त्या नावाऐवजी घेतात तो शब्द, मग मी पुढं जायची. एकेका पानावर पाचपाच, सहासहा वेळा. दर वेळी माझे कान तापायचे.

मधे वाचायचं राहून गेलेलं एकच स्तोत्र, तेही अगदी छोटं, उरलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. आवाज गेला होता. लंबक मीच थांबवला. वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आले. तिथं ती अक्षरं होती. मी थांबले. काकांचे ओठ हलले, आवाज फुटेना. त्यांनी माझं मनगट शोधलं आणि त्यावर बोटानं टकटक केलं. एकदा. दोनदा. तू म्हण.

हाशेम. साधा शब्द, शंभरदा म्हटलेला. पण माझी जीभ उचलेना. पुन्हा तोंडून भलतंच निघालं तर, या भीतीनं मी गारठले. पुस्तक मिटलं. "काका, दमलात तुम्ही. उद्या पुरं करू."

मनगटावरचं बोट थोडा वेळ तसंच राहिलं, मग बाजूला झालं. पहाटे ते गेले.

संध्याकाळी त्यांची मुलगी आली. उशाचं पुस्तक छातीशी धरून तिनं मला विचारलं, "पुरी झाली का गं स्तोत्रं? बाबांना फार ओढ होती."

"झाली," मी म्हटलं.

तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.