सहावा तुकडा

आमच्या खोलीत माझा दरारा आहे. असं लंबू म्हणतो, तेही माझ्या पाठीमागे, आणि मला ते ऐकू येतं. लंबू माझा सहकारी. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, उंचीने दारापेक्षा जेमतेम चार बोटं कमी. इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात आम्ही दोघं तंत्रज्ञ आहोत. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो, आम्ही तो मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतो, आणि त्या ब्लॉकचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप मशीनवर काढतो. काप कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुत्या गेल्या की काचेच्या स्लाइडवर अलगद उचलायचा, वाळवायचा, रंगवायचा. पुढचं डॉक्टरांचं काम. ते मायक्रोस्कोपखाली बघतात आणि काय झालंय ते सांगतात.

सव्वीस वर्षं मी हे करते आहे आणि माझ्या खोलीत नियम एकच. एकाचा ब्लॉक संपला की पाण्यावरून टिश्यू पेपर फिरवायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. पाण्यावर राहिलेला एखादा कण पुढच्याच्या स्लाइडवर चढला, तर एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर जातो. लंबू पाणी पुसायला विसरतो असं माझं म्हणणं. तो एकदाच विसरला होता, सहा वर्षांपूर्वी, आणि ते मी त्याला रोज ऐकवते असं त्याचं म्हणणं. दोन्ही खरं आहे.

त्या बुधवारी दुपारी आमच्या डॉक्टर हातात स्लाइडचा ट्रे घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे येऊन त्यांना आठच महिने झालेत, माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. आवाज इतका मऊ की टेलिफोनवर त्यांना लोक “हॅलो, हॅलो” करत बसतात.

“ताई, त्रेचाळीस नंबर तुम्ही कापलात का?”

“मीच.”

“त्याच्या आधी पाणी पुसलं होतं?”

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “डॉक्टर,” मी म्हटलं, “तुम्ही पाटीवर अक्षरं गिरवत होतात ना, तेव्हापासून मी पाणी पुसते आहे.” लंबूने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते, म्हणजे मेला हसत होता.

डॉक्टर चिडल्या नाहीत. “बरोबर आहे,” म्हणाल्या, “पण एकदा येऊन बघा.”

त्यांच्या टेबलावर दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे. मी तणतणतच बसले. त्यांनी स्लाइड लावली.

“जठराच्या अस्तराचे तुकडे आहेत, एंडोस्कोपीत काढलेले. फॉर्मवर लिहिलंय पाच. आपल्या वहीतही पाच. स्लाइडवरची ही एक ओळ मोजा.”

मी मोजले. सहा होते. खसखशीच्या दाण्याएवढे सहा.

“पाचांत कॅन्सर नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “सहाव्यात आहे. शंकाच नाही इतका आहे.”

“मोडला असेल एखादा तुकडा. मोडतात.”

“मोडतात. पण स्लाइडवर त्याच तुकड्यांच्या लागोपाठच्या कापांच्या तीन ओळी आहेत आणि हा एकाच ओळीत आहे. शिवाय बाकीचे स्पष्ट दिसतात तेव्हा हा धूसर, याला स्पष्ट केलं की बाकीचे धूसर. कुठून तरी येऊन वर बसल्यासारखा.”

याचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. लंबूला हेच तर मी सहा वर्षं शिकवत होते. पण तोंडातून निघालं ते असं, “माझ्या हातून असं होत नाही.”

“मग मला कॅन्सर म्हणून रिपोर्ट द्यावा लागेल. पेशंटचं जठर काढतील, निदान बरंचसं.”

“द्या मग. आहे ते आहे.”

हे वाक्य मी बोलले. लिहिताना मान खाली जाते, पण बोलले. स्वतःचा हेका सोडायचा नाही म्हणून मी कुणाचं तरी जठर सोडून दिलं.

डॉक्टरांनी एक मोठा श्वास घेतला आणि बाहेरच्या क्लिनिकमधून आलेला फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “चार महिने पोट दुखतंय, वजन उतरलंय, एवढंच लिहिलंय. तुम्हीच वाचा.”

मी वाचलं. वय अठ्ठावन्न. बाई. मग पत्ता वाचला, आणि मग नाव वाचलं. आम्ही काम करतो ते नंबरांवर. ब्लॉकवर नाव नसतं, नाव फक्त फॉर्मवर, आणि फॉर्म डॉक्टरांच्या टेबलावर.

ती माझी नणंद होती.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा नवऱ्याला वाढवलं ते हिने. माझी मुलगी दीड वर्षाची असताना मला या तंत्रज्ञाच्या कोर्सला प्रवेश मिळाला. घरात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, एक वन्सं तेवढ्या म्हणाल्या, “पोरीला माझ्याकडे टाक आणि जा. घरी बसून आमच्यावर ओरडण्यापेक्षा बरं.” पाच वर्षं त्यांनी माझी मुलगी सांभाळली, शिवणाची कामं करता करता. माझी नोकरी, माझा दरारा, माझी ऐट, सगळं त्यांच्या जिवावर. आणि गेले चार महिने मी त्यांना चिडवत होते की वन्सं, या वयात बारीक होऊन कुणाला दाखवायचंय.

“डॉक्टर, ही माझी नणंद आहे,” मी म्हटलं.

उभ्या आयुष्यात मी देवाकडे पुष्कळ काही मागितलंय. चूक माझीच निघू दे, असं त्या दिवशी पहिल्यांदा मागितलं.

मग सकाळ आठवायला लागले. बेचाळीस नंबर मोठ्या आतड्याचा होता, कॅन्सरचाच. तो संपवला. त्रेचाळीस मशीनला लावला. मधे काय केलं? मधे मी लंबूला झापत होते, चांगली पाच मिनिटं. कशावरून? तर त्याच्या पाण्यावर मेणाचा एक पापुद्रा दिसला म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

“मी पुसलं नाही,” मी म्हटलं. “मला वाटतं नाही पुसलं.”

“ताई, आता तुम्हाला चूक हवी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणून आत्ताची तुमची आठवण मी धरत नाही. मघाचीही धरली नव्हती. आपण ब्लॉकलाच विचारू. त्यात अजून तुकडे शिल्लक आहेत. खोलवर कापू. कॅन्सर त्यांचा असेल, तर कुठेतरी दिसेल.”

ब्लॉक घेऊन मी मशीनपाशी गेले. शिल्लक फार थोडं होतं, एक जाड काप गेला असता तर विचारायला काही उरलं नसतं. आणि मला मशीनच्या चाकाचा दांडाच धरता येईना. मी उठले.

“लंबू, तू काप.”

दुसरा कुणी असता तर सहा वर्षांचं उट्टं काढलं असतं. लंबूने पाणी नुसतं पुसलं नाही. त्याने ते ओतून दिलं, भांडं घासलं, नवीन पाणी घातलं, ते कोमट होईपर्यंत थांबला आणि मशीनला नवं पातं लावलं. मग बारा काप काढले, एकामागून एक, एकालाही चुणी नाही. इतका सुंदर हात आहे त्याचा, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, “ताई, आता रडू नका, स्लाइडवर पडेल.”

वाळवणं आणि रंगवणं मिळून दीड तास गेला. डॉक्टरांनी तोवर बेचाळीसची स्लाइड काढून तो सहावा तुकडा तिच्याशी ताडून पाहिला. दिसायला तसाच होता. पण त्या म्हणाल्या, दिसण्यावर मी सोडणार नाही.

बारा स्लाइड त्यांनी बघितल्या. मी भिंतीला टेकून त्यांची मान बघत होते. मान हलली नाही की माझा जीव टांगणीला लागायचा.

“बाराही स्वच्छ,” शेवटी त्या म्हणाल्या. “कॅन्सर कुठेही नाही. सूज आहे, आणि एका स्लाइडला वेगळा रंग दिल्यावर जंतू दिसले. बारीक, वळलेले. अल्सर करणारे. दोन आठवड्यांच्या गोळ्यांचं काम आहे.”

जंतूंचे आभार मानणारी मी पहिलीच बाई असेन.

तरीही रिपोर्ट लगेच गेला नाही. तो सहावा तुकडा काचेवरून खरवडून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. तुकडा कुठल्या माणसाचा आहे हे तिथे ओळखता येतं. त्याला सहा दिवस लागणार होते. तोवर पेशंटशी एक अक्षर बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलं. आवाज मऊच, पण पोरगी बोलायला पक्की.

रविवारी मी वन्संकडे गेले. त्यांनी चहा केला, स्वतः दोन घोट घेतले आणि कप सरकवून ठेवला. “पित्त झालंय जरा,” म्हणाल्या. आपण तपासणी केली हे त्या मला सांगत नव्हत्या, आणि मला माहीत आहे हे मी त्यांना सांगत नव्हते. ज्या बाईच्या पोटात तीळ भिजत नाही, तिने तासभर पडद्यांच्या रंगावर गप्पा मारल्या. निघताना मी त्यांना मिठी मारली. “काय झालंय तुला?” त्यांनी संशयाने विचारलं.

मंगळवारी उत्तर आलं. सहावा तुकडा वन्संचा नव्हता, बेचाळीस नंबरचाच होता.

चुका नोंदवायची एक वही असते आमच्याकडे. मी तीत लिहिलं की त्रेचाळीस कापण्यापूर्वी पाणी पुसलं नाही, आणि खाली पूर्ण सही केली. सव्वीस वर्षांतली माझी पहिली नोंद. माझ्यावर विश्वास न ठेवल्याबद्दल मी डॉक्टरांचे हात धरून आभार मानले. त्या म्हणाल्या, “अहो, विश्वास होता म्हणून तर विचारायला आले. नाहीतर सरळ तक्रार केली असती.”

बुधवारी वन्संना बोलावलं. उशीर का झाला ते पेशंटला खरं सांगायचं, असा डॉक्टरांचा आग्रह, आणि सांगताना मी हजर असायचं, असा माझा. वन्सं आत आल्या, मला पाहून दारातच थबकल्या.

“तू इथे काय करतेस?”

“वन्सं, मी इथेच काम करते.”

“ते माहीत आहे गं मला. म्हणून तर बाहेरच्या डॉक्टरकडे गेले होते.” मग हळूच म्हणाल्या, “भावाला सांगितलंस?”

“नाही.”

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. कॅन्सर नाही, अल्सर आहे, या गोळ्या, चौदा दिवस. वन्संनी डोळे मिटले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. मग डॉक्टर थांबल्या आणि मी बोलायला लागले. पाणी, टिश्यू पेपर, लंबूला झापणं, दुसऱ्याचा कण. तो तसाच राहिला असता तर काय झालं असतं, तेही. वाक्य गिळलं नाही एकही. “आहे ते आहे” म्हणाले होते, तेही सांगितलं.

आता वन्सं मला काय वाटेल ते बोलणार, आणि बोलू दे, असं मी मनाशी धरलं होतं.

“मग तो तुकडा कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“नाव सांगता येत नाही.”

“नाव नकोय मला. बाई आहे की पुरुष?”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. “बाई,” मी म्हटलं.

“म्हणजे तिला खरंच आहे.”

“हो. तिचा रिपोर्ट वेळेवर गेलाय. आता कुठलं औषध तिला लागू पडेल, ते बघायच्या तपासण्या आहेत. उद्या तिच्या ब्लॉकचे आणखी काप काढायचेत.”

“कोण काढणार?”

“लंबू. मी आठवडाभर मशीनला हात लावलेला नाही.”

“का? हात मोडलाय?”

मी नाक पुसायला रुमाल शोधत होते, तो डॉक्टरांनीच दिला.

वन्सं उठल्या. गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत ठेवली, पिशवी खांद्याला लावली, आणि माझी मुलगी माझ्याकडून घ्यायच्या तेव्हाच्याच सुरात म्हणाल्या, “तिचं तूच काप. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी बेचाळीस नंबरचा ब्लॉक मेण घट्ट व्हायला बर्फावर ठेवला आणि पाणी बदललं.