कोरडं हत्यार

माझ्या मुलीचा खेळ लोकांना सांगायला मला लाज वाटायची, हे आधीच कबूल करून टाकतो. ताटलीएवढी प्लास्टिकची चकती घ्यायची, लांबवर उभ्या केलेल्या लोखंडी टोपलीकडे फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि टोपलीवर लोंबणाऱ्या साखळ्यांत ती अडकेपर्यंत हेच चालू ठेवायचं. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. डिस्क गोल्फ म्हणतात याला. आमच्या निर्मळ गावच्या नाक्यावर कुणी विचारलं, ज्ञानदा सध्या काय करते, तर मी सांगायचो, लॅबमध्ये रक्त तपासते. ते खोटं नव्हतं. पण सुट्टीच्या दिवशी ती कळंबच्या सुरूच्या बनात ताटल्या फेकते, हे मी गिळून टाकायचो.

असं असून त्या शनिवारी संध्याकाळपासून माझेच पाय थाऱ्यावर नव्हते. रविवारी सकाळी आठला कळंबला स्पर्धा होती. मुलींमधल्या पहिल्या दोघी बंगळुरूला राष्ट्रीय स्पर्धेत खेळणार होत्या. गेल्या वर्षी ज्ञानदा चौथी आली होती. जेवताना भात चिवडत ती म्हणाली, "आप्पा, या वेळी नाही झालं तर मी बॅग विकून टाकणार. बस झालं."

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. तीन वर्षं मीच तिला बस कर म्हणत होतो. पण तिच्या तोंडून ते ऐकलं आणि माझं जेवणातलं लक्ष उडालं. अर्धी भाकरी तशीच ठेवून मी उठलो.

मग तिची तयारी सुरू झाली. खाटेवर सगळ्या चकत्या मांडल्या. प्रत्येकीच्या पाठीवर नाव आणि फोन नंबर मार्करने नव्याने गिरवला. खेळातल्या सहा बॅगेच्या मोठ्या कप्प्यात, सरावाच्या दोन जुन्या बाहेरच्या खिशात. नखं कापली. पाण्याची बाटली, टोपी, चिक्की, टॉवेल, सगळं भरलं आणि सगळं पुन्हा बाहेर काढून पुन्हा भरलं. असं तीनदा झालं. मी तिला हसणार होतो, पण तोवर मी स्वतः स्कूटरचं पेट्रोल दोनदा बघून आलो होतो. टायर दाबून पाहिले. वाडीचं फाटक लावलंय का ते बघायला गेलो, परत आलो आणि कडी नीट बसली होती का म्हणून पुन्हा गेलो.

"अहो, स्पर्धा तिची आहे की तुमची?" सुहासिनी म्हणाली. आमच्या हिला असे प्रश्न नेमके सुचतात.

साडेनऊला दिवे मालवले. डोळ्याला डोळा लागेना. पलीकडच्या खोलीत ज्ञानदाची खाट सारखी करकरत होती. ती कुशीवर वळली की मीही वळायचो. बाप म्हणून तिच्यासाठी काहीतरी करावं असं फार वाटत होतं, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. केळीला पाणी कमी पडलं तर मला कळतं, घड कधी उतरवायचा ते कळतं. या खेळातलं मला काय कळतं? शेवटी उठून ओटीवर आलो.

आमच्या घरात एक रीत आहे. सकाळी घड उतरवायचे असले की आदल्या रात्री कोयता पुसून त्याच्यावर खोबरेलाचा हात फिरवायचा. कोरडं हत्यार घराबाहेर काढायचं नाही. माझे वडील कोयत्यापासून पंपाच्या पान्यापर्यंत सगळ्याला तेल लावायचे, आणि मी विसरलो तर दुसरा अख्खा दिवस माझ्याशी अबोला धरायचे. झोप येत नाही तर निदान कोयता तरी बघू म्हणून मी बाटली घेतली. जानेवारीची थंडी, तेल पार गोठलेलं. तळहातावर चोळून चोळून पातळ केलं.

कोयता झाला. समोर ज्ञानदाची बॅग होती.

तिच्या त्या सहा चकत्या मी पहिल्यांदाच हातात घेतल्या. काठ चांगले धारदार, बोटाला जाणवणारे. काही ठिकाणी झाडावर आपटून खरवडलेल्या. वापरातल्या वस्तूवर असतात तशा खुणा होत्या. जुन्या धोतराच्या फडक्याने मी एकेक पुसली, तेल लावलं, काठाला बोटाने दोनदा फिरवलं आणि जशा होत्या तशा कप्प्यात ठेवल्या. सरावाच्या दोन राहू दिल्या. मग आत जाऊन पडलो आणि मेल्यासारखा झोपलो.

पहाटे पाचला सगळं घर जागं. सुहासिनीने ज्ञानदाच्या हातावर दही ठेवलं. ज्ञानदाने बूट घातले, काढले, मोजे बदलले, परत घातले. मला म्हणाली, मागून सूचना द्यायच्या नाहीत. मी कबूल केलं. स्कूटरवर ती बॅग पोटाशी धरून बसली होती, आणि वाटभर तिचा गुडघा माझ्या पाठीत थडथड करत होता.

कळंबला सुरूच्या झाडांमध्ये झेंड्या लावल्या होत्या. तीसेक खेळाडू, पुण्याचे, मुंबईचे, चांगले उंचेपुरे. स्पर्धा भरवणारे पीटर सर शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले. ते सगळ्यांना नियम सांगत होते. डावीकडच्या रस्त्यापलीकडे चकती गेली की एक फेक दंड. ज्ञानदा बाहेरच्या खिशातल्या दोन जुन्या चकत्या घेऊन हात मोकळा करत होती. साखळ्या छान वाजत होत्या. मी इकडून तिकडे येरझारा घालत होतो, तेव्हा एका पोरीने मला फेकीच्या वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं. मी झाडाला टेकलो. ऊन अंगावर आलं होतं.

आठ वाजता ज्ञानदाचं नाव पुकारलं. तिने मोठा कप्पा उघडला, लाल चकती काढली, दोन्ही हातांत धरून छातीशी टेकवली, दोन पावलं धावली आणि फेकली.

चकती हातातून निसटली. समोर जायची ती तिरकी उडाली, झाडांच्या वरून वळली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कुंपणात जाऊन पडली.

रात्रभर थंडीत काठावर गोठून बसलेलं तेल तिच्या हाताच्या उबेने सुटलं होतं. ज्ञानदाने तळहात पाहिला. हळूच नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलंय हे मला कळलं, आणि झाडाच्या मागे तोंड लपवावंसं वाटलं.

पीटर सरांनी विचारलं, काय झालं. मी पुढे व्हायला पाऊल उचललं. माझा आगाऊपणा, मुलीचा दोष नाही, एवढं तरी सांगावं.

"काही नाही, सर. घाम आला हाताला," ज्ञानदा म्हणाली.

मग खाली बसून तिने टॉवेलने उरलेल्या पाच चकत्या खसाखसा पुसल्या. तेल जाईना तेव्हा कोरडी वाळू चोळली आणि पुन्हा पुसल्या. हात वाळूत घासले. तोवर तिच्या गटातल्या बाकीच्या तिघी खोळंबल्या होत्या. नंतर ती जे खेळली ते मला तुम्हाला नीट सांगता येणार नाही, कारण अर्धा वेळ माझे डोळे मिटलेले होते. पण साखळ्या वाजलेल्या ऐकू यायच्या. अठरा टोपल्या झाल्या. पहिल्या मुलीच्या अठ्ठावन्न फेकी. दुसरीच्या साठ. ज्ञानदाच्या एकसष्ट.

त्यातली एक फेक दंडाची होती, आणि वाया गेलेली पहिली वेगळीच. हिशेब करायला मला कागद लागला नाही.

पीटर सर तिला म्हणाले, पहिल्या फेकीने घात केला बघ. आता मला राहवेना. मी म्हणालो, सर, त्याचं असं झालं की... ज्ञानदाने माझं मनगट घट्ट धरलं.

"आप्पा, स्कूटर काढा."

परतताना तिचा गुडघा माझ्या पाठीत वाजला नाही. घरी येऊन मी सुहासिनीला सगळं सांगितलं, तेव्हा तिने डोक्याला हात लावला आणि दुपारभर मला बोल बोल बोलली. ज्ञानदा खोलीत होती. बॅग ओटीवर तशीच पडलेली. विकायला बाहेर ठेवली असणार, असं माझ्या मनाने घेतलं. मी बॅगेजवळून चार वेळा गेलो आणि हात लावायचं धाडस झालं नाही.

दिवेलागणीला ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. मी विचारलं, पीटर सरांना खरं का नाही सांगितलंस? ती चुकलेली फेक माझ्या नावावर गेली असती.

"काय सांगणार होते?" ती म्हणाली. "तीन वर्षं तुम्ही यांना ताटल्या म्हणताय. काल रात्री पहिल्यांदा कोयत्याबरोबर तेल लावलंत. ती चूक झाली असं चार लोकांत मी सांगू?"

मी अंगणाकडे बघत राहिलो. डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसू द्यायचे नव्हते.

तिने बॅग उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"पुढच्या महिन्यात पुण्याला स्पर्धा आहे. धुऊन ठेवा. साबणाने. तेल नको."

मी सगळ्या चकत्या न्हाणीत नेऊन दोन-दोन वेळा धुतल्या, काठातली वाळू काडीने काढली, फडक्याने पार कोरड्या केल्या. बॅग कोयत्याशेजारच्या खुंटीला टांगली. मग बाटली घेतली, आणि फक्त कोयत्यालाच तेल लावलं.