वाघी, जिला आम्ही शांता म्हणायचो

दुपारच्या स्तब्ध उन्हात फरशीवर आमच्या कुत्रीच्या नखांची टकटक उमटायची. तीन पायांची सलग, मग किंचित थांबून लंगड्या पायाची. त्या थांबण्यात तिचं सारं वार्धक्य साठलेलं असे. बाल्कनीच्या उंबऱ्याशी येऊन ती अंग टाकायची, आणि पांढरं पडलेलं तिचं मुस्कट उन्हात शेवरीच्या कापसासारखं उजळून निघायचं.

माझे यजमान ऑफिसातून परतताना कोन गावाजवळ महामार्गाच्या कडेला ती त्यांना दिसली होती. सुसाट वाहनांच्या धुळीत ती पळत नव्हती, विव्हळत नव्हती. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान वळवून नुसती पाहत बसली होती. त्यांनी तिला उचलून घरी आणलं. दात पाहून डॉक्टर म्हणाले, "म्हातारी आहे. फार आशा धरू नका."

ती कधीच भुंकली नाही. दाराची घंटा, दिवाळीचे फटाके, जिन्यातली भांडणं, कशानेही तिचा कंठ फुटला नाही. म्हणून आम्ही तिचं नाव शांता ठेवलं. शेजारी कौतुकाने म्हणत, "किती गुणी आहे हो तुमची कुत्री!" आणि त्या मौनाला तृप्ती समजून मीही सुखावत असे.

एका हिवाळी सकाळी तिला घेऊन मी जवळच्या विचुंबे गावाच्या बाजूला फिरायला गेले. नव्या इमारतींच्या सावलीत एक वृद्धा वालाच्या शेंगा विकायला बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं, हातातली तागडी खाली ठेवली आणि हाक मारली, "वाघे!"

शांता जागीच थबकली. पडलेले कान ताठ झाले, आणि तिच्या देहातून एक खर्जातलं, खरखरीत भुंकणं बाहेर पडलं. वर्षानुवर्षं बंद असलेलं दार करकरत उघडावं तसं. मग लंगडा पाय विसरून ती त्या बाईच्या मांडीवर जाऊन कोसळली.

"आमची वाघी हाय ही," हिराबाई नावाच्या त्या वृद्धा तिचं तोंड दोन्ही हातांत धरून रडत होत्या. "सारा गाव भ्यायचा हिला. जागा बिल्डरला गेली, आमी बिल्डिंगीत ऱ्हायला आलो. तिथं कुत्री चालत नाय. पोरगा बोलला, मावशीकडं ठेवतो. मना काय म्हाईत, त्यानं वाटेतच उतरवली!"

माझ्या हातातला पट्टा नकळत आवळला गेला. "तुम्हाला न्यायची आहे का?" मी विचारलं.

"नेऊ कुठं, बाय? तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मी फकस्त बघायला येन."

त्या येत राहिल्या. जिन्यात त्यांची पावलं वाजली की वाघी जागी व्हायची, भुंकायची, तरुण व्हायची. त्या गेल्या की शांता पुन्हा उंबऱ्याशी अंग टाकायची. माझ्या हातून खाताना ती शेपटी हलवत असे, तरी मला प्रश्न पडे, हे प्रेम की निमूटपणे पत्करलेला आश्रय?

भाद्रपदातल्या कोंदट दिवसांत तिची मूत्रपिंडं निकामी झाली. तिला पाणीही पोटात ठेवता येईना. डॉक्टरांनी इंजेक्शनचा पर्याय सुचवला, यजमान म्हणाले, "तू ठरव." मला ठरवता येईना. मी हिराबाईंना बोलावलं. त्या कितीतरी वेळ तिच्या फासळ्यांवरून हात फिरवत राहिल्या.

"एकदा तिला न विचारता गाडीत घातली. आता मी काय बोलू?" त्या म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून, "लय दुखतंय तिला. सोडा आता. तवा मी नव्हती. आता हाय तिच्याजवल."

पावसाने काळवंडलेल्या त्या सकाळी तिचं डोकं हिराबाईंच्या मांडीवर होतं आणि थंडावत चाललेले पाय माझ्या ओंजळीत. डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा मी वाकून प्रथमच तिला म्हटलं, "वाघे." तिचे डोळे माझ्याकडे वळले. ती ओळख होती, की केवळ शिथिल होणाऱ्या स्नायूंची हालचाल, ते मला कळलं नाही. अजूनही कळत नाही.

त्यानंतर हिराबाई एकदाच आल्या. बाल्कनीत माझ्याशेजारी बसून त्यांनी चहा घेतला. तिचा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही. निघताना त्यांनी माझा हात क्षणभर हातात धरला आणि जिना उतरून गेल्या.

काळ दुःखाच्या कडा झिजवतो म्हणतात, आणि तो त्या झिजवीलही. पण गेलेल्या जिवाची आपल्याजवळची वर्षं आपण आठवणीत जपू शकतो. आपण नसताना तो जे जगला, ज्याच्यासाठी झुरला, ते मात्र त्याच्याबरोबर कायमचं मावळतं, आणि विरहातला सर्वांत खोल काळोख बहुधा त्या न पाहिलेल्या वर्षांचाच असतो.