काठाची ज्वारी

रिठदला कस्तुराबाईच्या घरचं पेव चोपन्न साली उशिराच उघडलं. पाऊस जास्त झाला होता आणि ज्वारी साठवायच्या त्या जमिनीखालच्या खड्ड्यात ओल शिरली होती. मधली ज्वारी तेवढी पांढरी निघाली. काठाची हिरवट-काळी, बुरशीने गोळे धरलेली. पण टाकते कोण? घरचा रिवाज ठरलेला होता, मधली बाप्यांना आणि पाहुण्यांना, काठाची बायांना. धुवायची, वाळवायची, भाजायची नि मुकाट्याने खायची. ज्याने हा रिवाज पाडला, त्याला ती भाकर कधी खावी लागली नसणार.

सून हौसा तीच भाकर खाई. कडू लागे म्हणून तिखटाशी गिळी. अंगावर चार महिन्यांचं पोर होतं. पीत होतं, पण अंग धरत नव्हतं. पोट टणक, डोळे पिवळसर. सासूने रोज दृष्ट काढली. घरातल्या मिरच्या संपत आल्या, पोर काही सुधरेना. कस्तुराबाईचा जीव त्या नातवात अडकला होता, हे मात्र खरं.

एक दिवस हौसाने काठाची ज्वारी भिजवून पिल्लू असलेल्या दुभत्या म्हशीपुढे ठेवली. कस्तुराबाई धावत आली नि घमेलं ओढून घेतलं.

"म्हशीले कायले देऊन राह्यली वं? वगार पिते तिले. खाल्लेलं दुधात उतरते, समजत नाही काय तुले?"

हौसा एरवी सासूपुढे मान वर करत नसे. त्या दिवशी तिने पदराआडचं पोर पुढे धरलं.

"मंग माह्यं खाल्लेलं कशात उतरते, आत्याबाई?"

कस्तुराबाईने घमेलं दावणीपाशीच खाली ठेवलं. पोराचं पोट चाचपून पाहिलं. हौसाचा नवरा पंजाबराव, त्याच्या आधीची तिची दोन लेकरं अशीच पोट टणक होऊन गेली होती. तेव्हाही पेवाला ओल लागली होती. तेव्हाही घरात दृष्टच काढली होती.

ती घमेलं उकिरड्यावर रिकामं करून आली. मग मधल्या ज्वारीचं पीठ मळलं, पहिली भाकर हौसाच्या ताटात टाकली आणि समोर बसून राहिली. तेवढ्यात पंजाबराव शेतातून आला. आपल्याआधी बायको जेवताना पाहून त्याने आईला विचारलं, आज हे काय नवीन?

"मले बी कोणी असं वाढलं असतं," ती म्हणाली, "तं तुले दोन मोठे भाऊ असते."