समारंभाचा परवाना

फीत कापायची कात्री बोथट निघाली. पाहुण्यांनी दुकानाची फीत हातानेच तोडली.

मिशब्बिकचं, म्हणजे तिथल्या जिलेबीचं, पीठ जास्त आंबलं, की कढईत वेटोळं धरत नाही, तेलभर पसरतं.

"लग्न मोडलंय, का दुकान काढताय?" इन्शिराहच्या बांगड्या तोलताना सोनाराने विचारलं होतं.

"दुकान."

"म्हणजे या बांगड्या परत न्यायला कुणी येत नाही."

कैरोहून आलेल्या खुर्च्या टाळ्या थांबताच टेम्पोत चढल्या.

महिन्याभरात पालिकेच्या माणसाने परवाना नाही म्हणून दुकानाला सील ठोकलं, तेव्हा इन्शिराहने आतून एकच वस्तू बाहेर काढली: परवान्याची तसबीर. त्यावर सरकारी गरुडाचा शिक्का नव्हता, आणि गरुड नसलेल्या कागदात दुम्यात शहरातले लोक भाजलेल्या बिया बांधतात. एका दिवसात परवाना मिळतो, हे परदेशी पाहुण्यांना दाखवायला पालिकेच्या साहेबांनी, वजदींनी, तिचंच मिठाईचं दुकान निवडलं होतं. तिच्या हाती परवाना देतानाचा त्यांचा फोटो कचेरीच्या जिन्यात टांगलेला होता.

ती तसबीर काखेत मारून त्या जिन्यावरूनच वर गेली. परवान्यांच्या खिडकीत कारकून सफिनाझ चहात साखर ढवळत होती.

"यावर शिक्का मारा, बाई."

"हा समारंभाचा कागद आहे, उम्म तामिर. शिक्का खऱ्यावर असतो." सफिनाझ तिला तामिरची आई म्हणूनच हाक मारायची.

"मग खरा द्या."

"संगणकात तुम्हाला दिलेला दिसतोय. एकीला दोनदा कसा देऊ?"

"दिलेला आहे कुठे?"

"हा काय, तुमच्या काखेत."

"मग हा रद्द करा, नवा करा."

"रद्द करायला साहेबांची सही लागते. फोटोतला परवाना ते रद्द करतील होय?" सफिनाझने आवाज उतरवला. "चहा घेता का?"

इन्शिराहने नकारार्थी मान हलवली. ती उतरताना जिन्यात वजदी समोरून वर येत होते.

"उम्म तामिर! बरं झालं भेटलात. पाहुणे परत येताहेत, गुरुवारी. कढई तापवून ठेवा."

"दुकानाला सील आहे, साहेब."

"सकाळी काढायला लावतो."

"आणि संध्याकाळी?"

भिंतीवरचा फोटो किंचित तिरका झाला होता, तो वजदींनी सरळ केला. मागे सरकून पाहिला. पुन्हा जरासा सरळ केला.

इन्शिराहने तसबीर या काखेतून त्या काखेत घेतली.

"पाहुणे किती आहेत?" तिने विचारलं.

दुकान काढण्याआधी बावीस वर्षं ती बंदरावर मिशब्बिकची हातगाडी लावत होती. तेव्हा परवाना कुणी विचारला नव्हता.