फ्रेमवाल्यांचा नवा स्विंग

गोल्फच्या मैदानावर फ्रेमवाल्यांचा चेंडू कधी सरळ जात नसे, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नव्हतं. चेंडू डावीकडच्या झाडांच्या दिशेनं निघायचा, आता गेला म्हणेपर्यंत हवेतच विचार बदलायचा, आणि उजवीकडे वळत वळत बरोबर हिरवळीच्या मधोमध येऊन बसायचा. नवखा माणूस 'अरेरे' म्हणायचा आणि जुने सभासद हसायचे. या केळ्यासारख्या वळणापायी क्लबात त्यांचं नाव 'केळेसाहेब' पडलं होतं. नाव त्यांना आवडायचं, कारण या केळ्याच्या जोरावर त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं.

गंमत अशी, की दुकानात हाच माणूस सरळपणाच्या बाबतीत अगदी खडूस. फोटोंना आणि चित्रांना फ्रेमा करायचं त्यांचं दुकान होतं. कुणाच्या घरी गेले आणि भिंतीवरचं चित्र जरासं कललेलं दिसलं, की पाण्याचा पेला हातात तसाच धरून ते आधी उठायचे आणि चित्र नीट करून यायचे. बायको शाळेत गणित शिकवायची. ती म्हणायची, "लोकांच्या घरी तरी गप्प बसत जा हो." पण ते काही त्यांच्या हातात नव्हतं.

यंदा क्लबानं त्यांच्या मुलीला कोच म्हणून घेतलं. घेतलं म्हणजे एका सीझनपुरतं, बघू या म्हणून. मुलगी बाहेर रीतसर शिकून, परीक्षा देऊन आली होती. पण क्लबाच्या लेखी ती अजून तीच होती, दोन वेण्या घालून बाबांच्या मागे बॅग ओढत फिरणारी. तिच्या हाती आपला खेळ द्यायला कुणी तयार होईना. लहान मुलांचा वर्ग तेवढा भरायचा. मोठी माणसं सरावाच्या जागेवर यायची, तिची चौकशी करायची, "कशी आहेस गं, आई बरी आहे ना?" असं विचारायची आणि पुढे जायची.

फ्रेमवाल्यांना हे बघवेना. त्यांनी ऑफिसात जाऊन मुलीचा पहिला मोठा विद्यार्थी म्हणून स्वतःचं नाव घातलं. मनातला बेत साधा होता. चार दिवस शिकल्यासारखं करायचं, चारचौघांत 'वा वा' म्हणायचं, की बाकीचे आपोआप येतील. स्टिक फिरवायची ढब, म्हणजे स्विंग, मात्र आपला तोच.

पहिल्याच दिवशी मुलीनं त्यांचे फटके बघितले आणि म्हणाली, "बाबा, हे सगळं मोडावं लागेल."

"सगळं म्हणजे?"

"पकड, खांदा, सगळं. तुमचा खांदा आधी धावतो आणि कंबर मागून येते. स्टिक बाहेरून आत येते, म्हणून चेंडू वळतो."

"वळतो म्हणून तर मधोमध पडतो."

"पडत होता. आता वारा आला की पडत नाही, आणि गेल्या दोन वर्षांत तुमच्या फटक्याची लांबी किती कमी झाली ते मला माहिती आहे. तुम्हाला खरंच शिकायचंय, की माझ्यासाठी नुसतं उभं राहायचंय?"

फ्रेमवाल्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. राग आला, थोडी लाजही वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी वाटलं, की पोरगी बापालाही सोडत नाही, म्हणजे कोच पक्की आहे. ते म्हणाले, "मोड."

आणि तिनं मोडलं. त्यांची बोटं एकेक करून स्टिकवर नव्यानं बसवली. खांदा मागे राहावा म्हणून काखेत रुमाल धरायला लावला. तो पडला की फटका बाद. फ्रेमवाल्यांच्या नाकी नऊ आले. घरी ते छत्री घेऊन आरशासमोर स्विंग करत, आणि बायको वह्या तपासता तपासता न बघताच म्हणे, "दिवा सांभाळा." हळूहळू अंगात काहीतरी शिरायला लागलं. मग एका सकाळी सरावाच्या चटईवरून चेंडू निघाला आणि सरळ गेला. वळलाच नाही. लांबवरच्या झेंड्याच्या अंगावर गेल्यासारखा गेला. पुढचाही तसाच. मुलगी नुसती मान डोलावत होती, पण तिचे डोळे हसत होते.

रविवारी फ्रेमवाले ऐटीत मैदानात उतरले आणि पहिलाच चेंडू झाडांत गेला. दुसऱ्या होलवर झाडांत. तिसऱ्यावरही झाडांत, डावीकडे, जसा काही तिथं त्याचं घरच होतं. आता तो वळून परतही येईना.

त्यानंतर दर रविवारी हेच. चटईवर फटका दोरीत, गवतावर झाडांत. छोट्या फटक्यांत हात बसलेला होता म्हणून खेळ कसाबसा तगून राहायचा, एवढंच. घरी बापलेकीत वादावादी व्हायला लागली.

"तुमचा स्विंग चांगला झालाय, बाबा. मी रोज बघते."

"मग चेंडू झाडांत का जातो? झाडं काय चालत येतात?"

"मला एकदा बरोबर येऊ द्या मैदानात. बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"मुळीच नाही. तू मागे असलीस की माझे हात लटपटतात."

इथं फ्रेमवाल्यांचं चुकलं, पण कबूल कोण करणार? लेकीसमोर चटईवर चुकणं वेगळं, आणि मित्रांदेखत झाडांत चेंडू शोधताना लेकीनं बॅग धरून उभं राहणं वेगळं. ते त्यांना सोसलं नसतं.

क्लबात मात्र व्हायचं ते झालं. बाबांच्या खेळानं मुलीची जाहिरात व्हायची होती, ती झालीच, फक्त उलटी. फ्रेमवाल्यांचे जुने दोस्त आणि खेळातले प्रतिस्पर्धी म्हणजे दाताचे डॉक्टर. त्यांनी कोचकडे एक तास ठरवला होता, तो त्यांनी हसत हसत रद्द केला. "आधी बाबांना बरं कर, मग माझं बघ." व्हरांड्यात चहा पिताना कुणीतरी म्हणालं, "पोरीनं चांगला चाललेला खेळ बिघडवला बिचाऱ्याचा." ते फ्रेमवाल्यांच्या कानावर गेलं. ते बोलणाऱ्यापर्यंत गेलेही, पण बोलणार काय? बिघडलेला खेळ सगळ्यांना दिसत होता. ते मूग गिळून परतले. सीझन संपला की कमिटी बसणार होती आणि कोच ठेवायची की नाही ते ठरवणार होती. आणि तिचा एकुलता एक मोठा विद्यार्थी झाडांत चेंडू शोधत होता.

सीझनच्या शेवटच्या रविवारी सगळा क्लब जमतो. सामने उरकले की लोक व्हरांड्यात बसतात आणि मागून येणाऱ्या जोड्यांचा शेवटचा होल बघतात. व्हरांडा त्या होलच्या उजव्या हाताला, मोठमोठ्या काचांचा. डाव्या हाताला झाडं. फ्रेमवाले आणि डॉक्टर शेवटच्या होलवर आले तेव्हा सामना बरोबरीत होता. दिवसभर फ्रेमवाल्यांनी झाडांतून चेंडू काढून काढून, छोट्या फटक्यांत जीव ओतून ती बरोबरी राखली होती. अंगात त्राण उरलं नव्हतं.

मुलांचा वर्ग संपवून मुलगी तिथं येऊन उभी होती. तिनं काही न विचारता त्यांच्या खांद्यावरची बॅग काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. बॅग सांभाळणाऱ्यानं खेळणाऱ्याला सल्ला दिला तर चालतो, दुसऱ्या कुणी दिलेला चालत नाही. फ्रेमवाल्यांना नको म्हणायचीही ताकद नव्हती.

डॉक्टरांनी आधी मारला. फार लांब नाही, पण मधोमध.

मुलगी बाबांच्या जवळ आली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज खाली गेला. "बाबा, जुनाच मारा."

"काय?"

"जुना स्विंग. तो अजून आहे तुमच्या अंगात. झाडांकडे मारा, वळून मध्ये येईल. व्हरांड्यातल्यांना काय कळतंय, जुना की नवा? तुम्ही जिंकलात एवढंच त्यांना दिसेल. मला चालेल."

खरं तर हाच विचार फ्रेमवाल्यांच्या मनात आधीच्या होलपासून घोळत होता. एक केळं, आणि सगळं निभावलं असतं. लेकीची नोकरीही कदाचित वाचली असती. पण ती स्वतःच तसं म्हणाली तेव्हा तो विचार त्यांना नकोसा झाला. इतके दिवस झाडांत जाणाऱ्या चेंडूंवर सगळे हसले तरी एका माणसानं 'तुमचा स्विंग चांगला झालाय' हे म्हणणं सोडलं नव्हतं. आता तेच माणूस डोळे पुसायच्या बेतात होतं.

"नाही," ते म्हणाले. "मला शिकवलंस ना? मग शिकवलंस तेच मारीन. झाडांत गेला तर तुझाच फटका झाडांत जाईल, पण जुना नाही मारायचा."

ते चेंडूपाशी उभे राहिले. मुलगी बॅग खाली ठेवायला म्हणून मागे वाकली, वर बघितलं, आणि तिथंच थिजली.

"बाबा, थांबा! मागे या. चेंडूपासून लांब या आधी."

ते मागे आले. डॉक्टरांनी भुवया वर केल्या.

"तुमचे पाय," ती म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं, रडणं जाऊन नुसतं हसू. "बाबा, पाय झाडांकडे लावून उभे आहात तुम्ही! इतकी वर्षं झाडांकडे रोख धरायची सवय. स्विंग सुधारला, पाय जुन्याच पत्त्यावर! चेंडू सरळच जातोय हो, तुम्ही जिकडे धाडताय तिकडे!"

"पण चटईवर तर—"

"चटईला कड असते. कड दिसली की तुमचे पाय तिच्याशी जुळणारच. जन्मभर तेच केलंत. गवताला कुठली कड?"

फ्रेमवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. लोकांच्या घरची चित्रं सरळ करत फिरणारा माणूस स्वतः मात्र महिनोन् महिने तिरपा उभा होता. एका नजरेत कळणारी गोष्ट होती, आणि त्या नजरेला त्यांनीच मैदानात येऊ दिलं नव्हतं.

"ये, लावून दे पाय," ते म्हणाले.

"नाही लावता येत. तुम्ही उभे राहताना मी मागे थांबून रोख बघायचा नाही, नियम आहे. सांगितलं तेवढं सांगितलं. आता तुमचं तुम्ही बघा." आणि ती खरंच लांब, बाजूला जाऊन उभी राहिली.

फ्रेमवाल्यांनी लांबवरच्या झेंड्याकडे बघितलं. तिथून आपल्या चेंडूपर्यंत डोळ्यानंच एक रेघ ओढली. मग त्या रेघेला जुळवून पाय ठेवले, आधी उजवा, मग डावा. आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खांद्याचा रोख थेट व्हरांड्यावर वाटत होता! काचा, चहाच्या किटल्या, कमिटी, सगळं समोर. अंगातली सगळी वर्षं ओरडून सांगत होती, की मारशील तर काच फुटेल.

पण हा अनुभव त्यांना दुकानातून ओळखीचा होता. वाकड्या भिंतीवर फ्रेम सरळ लावली की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, अहो, वाकडी लागली. मग ते गिऱ्हाइकाला सांगतात, फ्रेमला हात लावू नका, दोन दिवस डोळ्यांना सवय होऊ द्या. आज गिऱ्हाईक ते स्वतःच होते. त्यांनी पाय हलवले नाहीत.

व्हरांड्यात मात्र धांदल उडाली. केळेसाहेबांचा रोख आज झाडांकडे नाही, म्हणजे चेंडू वळून आपल्याच डोक्यात येणार, हे जुन्या सभासदांना कुणी सांगायला नको होतं. खुर्च्या सरकल्या. कुणी खांबामागे गेलं. क्लबाचे सेक्रेटरी किटली छातीशी धरून दारात उभे राहिले.

फ्रेमवाल्यांनी मारला. खांदा थांबला, कंबर आधी फिरली, काखेत रुमाल असता तर पडला नसता. चेंडू वर चढला. ते नेहमीप्रमाणे तो वळायची वाट बघत राहिले. चेंडू वळला नाही. डॉक्टरांच्या चेंडूच्या डोक्यावरून, बराच पुढे, मैदानाच्या अगदी मध्यावर पडला आणि आणखी धावत गेला.

व्हरांड्यातल्या खांबामागून टाळ्या आल्या.

फ्रेमवाले चालत मुलीपाशी आले. "एक सांगतो, कोच," ते हळूच म्हणाले. "पुन्हा कुठल्या विद्यार्थ्याला 'जुनाच मारा' म्हणायचं नाही. बापालासुद्धा नाही."

"नाही म्हणणार," ती म्हणाली.

पुढचे फटके दोघांचे नीट पडले, डॉक्टरांनी लांबून चेंडू होलमध्ये घातला, आणि सामना बरोबरीतच सुटला. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. सगळे त्या एका चेंडूबद्दलच बोलत होते. सेक्रेटरी किटली घेऊनच खाली आले आणि म्हणाले, "कमिटी बसेल तेव्हा बसेल. पण मी किटली घेऊन पळालो तो उगाच पळालो, एवढं कमिटीला नक्की सांगीन. पुढच्या सीझनची तयारी करा, कोच." फ्रेमवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. काहीतरी मोठं बोलावं असं वाटून त्यांनी घसा खाकरला.

तेवढ्यात डॉक्टर पुढे झाले, आणि जन्मल्यापासून जिला 'अगं' म्हणत आले तिला म्हणाले, "अहो, उद्या सकाळचा तास मिळेल का तुमचा?"

"उद्या सकाळी बाबांचा तास आहे."

"आता त्यांना कशाला? शिकले की ते!"

"एक चेंडू सरळ गेलाय, डॉक्टरकाका," मुलगी सगळ्यांदेखत, अगदी शांतपणे म्हणाली. "अजून पुष्कळ कच्चे आहेत ते."

एवढ्या लोकांत एवढ्या वयाच्या माणसाला कच्चा म्हटलं होतं, आणि फ्रेमवाल्यांचा ऊर अभिमानानं नुसता भरून आला. मघाशी राहून गेलेलं बोलणं आता सुचलं. ते डॉक्टरांकडे वळले.

"मी त्यांचा सगळ्यात जुना विद्यार्थी आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "रांगेत माझ्या मागे उभे राहा."