दोरीचा वळ

"ह्या झाराला रंग लावू नको गो पोरी." चंपाबाई बुंध्याला टेकून उभ्या राहिल्या. बुंध्याला बांधलेल्या दोरीवर बोंबील वाळत होते.

वनरक्षक संघप्रियाच्या हातातला कुंचला थांबला. तारोडीच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन फार दाटलं होतं, विरळणी हवी होती. कोणत्या पद्धतीने करावी हे ठरवण्यासाठी बनातले दोन भाग निवडले होते. पलीकडच्या भागात दर तिसरी ओळ सरसकट कापून झाली होती. इकडे एकेक झाड पाहून फक्त रोगट आणि वाकडी काढायची होती. हे झाड दोरीच्या ओढीनेच वाकलं होतं.

"मॅडम, इकडेपण ओळीनेच घ्या ना," खांद्यावरची कटर मशीन सावरत कापणीचा मजूर लोकेश म्हणाला. "तिकडे कसं सटासट झालं. कोणाचं तोंड बघावं लागलं नाही."

"ओळीनं घेतलं तं हे वाचंल?" चंपाबाईंनी विचारलं.

संघप्रियाने ओळी मोजल्या. "वाचेल, मावशी."

"मंग तसाच करा. माझ्या धन्यानं लावलेलं हाय. रोपं लावाया मजुरीवर व्हता तवा. तो गेला, झार ऱ्हायलं."

एक झाड सोडलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण मग निवड कसली? याच तुलनेवरून पुढे बाकीच्या बनाची विरळणी ठरणार होती.

"मावशी, पलीकडे तुमची जाऊ राहते ना? ओळी कापल्यापासून बरं आहे का तिकडे?"

"कसलं बरं? मधी वाटच उघडली. वारं सरळ घरात घुसतं, रेती पार भाकरीत..." बोलता बोलता चंपाबाई थांबल्या. त्यांनी मागे आपल्या वस्तीकडे पाहिलं.

"फारेस्टात कशाला आलीस गो?" त्या म्हणाल्या. "वकील व्हयाचं व्हतंस."

त्यांनी बोंबील टोपलीत काढले. गाठ सोडायला लोकेश पुढे झाला.

"ऱ्हाऊ दे. तुला न्हाय सुटायची."

दोरी निघाली तसा सालीत रुतलेला खोल वळ दिसला. कापायच्या झाडावर खूण छातीच्या उंचीवर करायची असते. वळ नेमका तिथेच होता. संघप्रियाने कुंचला टेकवला. तांबडा रंग वळात उतरून बुंध्याभोवती पसरत गेला.

तिने मान वर केली तेव्हा चंपाबाई शेजारच्या सरळ झाडाला दोरी बांधत होत्या. गाठ आवळता आवळता त्यांनी ती पुन्हा थोडी सैल केली.